चार खोल्या, खानावळ, आंबा आणि गोव्याचं एक बिल

एप्रिल २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मालवण तालुक्यातलं एक जोडपं माझ्या कुडाळच्या करसल्ल्याच्या ऑफिसात आलं. काका ६१ वर्षांचे, तीस वर्षं मुंबईत नोकरी करून गावी परतलेले. काकी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तीन बिलबुकं, दोन पासबुकं, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या. काकांचं मागणं साधं होतं. ‘‘माका फकत जीएसटीचो नंबर व्हयो. तो म्हापश्याचो दुकानदार म्हणता, नंबर नाय तर माल नाय.’’

काकी वर्षभर म्हापशाच्या एका दुकानाला काजूगर, कोकमाचं आगळ आणि आंब्याचा रस पाठवत होत्या. मार्चअखेरीला त्या दुकानाच्या हिशेबनीसाने विचारलं, की या मालाची पक्की बिलं कुठं आहेत? तेवढ्यासाठी ते दोघं आले होते. नंबर काढून देणं हे दोन दिवसांचं काम. पण अर्जात एक प्रश्न असतो: नोंदणीची जबाबदारी कोणत्या तारखेला सुरू झाली? त्याचं खरं उत्तर द्यायचं तर पिशवी पूर्ण रिकामी करावी लागते. आम्ही ती केली. त्या दुपारी आणि पुढच्या दोन महिन्यांत जे निघालं, ते इथे मांडतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे जवळच्या हजारावर आणले आहेत. कोकणात घरगुती राहण्याची सोय करणारी शेकडो कुटुंबं याच जागी उभी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पिशवीतून निघालेली मिळकत

घर काकांच्या नावावर. घरामागे पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या, दिवसाला साधारण २,२०० रुपये, सकाळच्या न्याहारीसह. पुढच्या पडवीत खानावळ. राहणारे जेवतातच, शिवाय तारकर्लीला जाता-येता सुरमईच्या थाळीसाठी थांबणारे बरेच. मागे हापूसची कलमं. कुडाळ रस्त्याला दोन गाळे भाड्याने दिलेले, एकात मोबाइलचं दुकान, दुसऱ्यात केशकर्तनालय. पाहुण्यांना स्कूबा आणि बोटीच्या फेरीला पाठवलं की बोटवाल्याकडून कमिशन. बँकेत निवृत्तीच्या पैशांची ठेव. आणि दरमहा पेन्शन.

२०२३-२४ या आर्थिक वर्षाचे आकडे असे निघाले. खोल्यांचं भाडं ८,५०,०००, त्यातले २,७०,००० ऑनलाइन बुकिंगच्या प्लॅटफॉर्मवरून आलेले. खानावळ ५,९०,०००. ताजा आंबा ४,२०,०००. काजूगर, आगळ, रस, आंबापोळी मिळून ३,१०,०००, त्यातला गोव्याला गेलेला माल ४५,००० चा. गाळ्यांचं भाडं १,४४,०००. बोटीचं कमिशन ५८,०००. ठेवींचं व्याज ३६,०००. पेन्शन मी बाजूला ठेवली, कारण केलेल्या नोकरीचा मोबदला हा जीएसटीच्या दृष्टीने पुरवठाच नव्हे.

काकांनी आयुष्यात हे आकडे कधी एका कागदावर एकाखाली एक लिहिले नव्हते. त्यांच्या मनात हे सात वेगळे धंदे होते आणि त्यातला एकही नोंदणीच्या वीस लाखांच्या मर्यादेजवळ नव्हता. ‘‘आमचो धंदो तो केवढो?’’ हे ते मनापासून म्हणत होते.

बेरीज २४,०८,००० आली.

ही बेरीज का करायची

जीएसटी कायद्याच्या कलम २(६) मध्ये एकूण उलाढालीची व्याख्या आहे. एका पॅनवर देशभरात होणारा सगळा करपात्र पुरवठा, करमुक्त पुरवठा, निर्यात आणि आंतरराज्य पुरवठा, सगळं त्यात येतं. वस्तू आणि सेवा मिळून धंदा करणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाखांची मर्यादा आहे. चाळीस लाखांचा आकडा लोकांनी ऐकलेला असतो. तो १ एप्रिल २०१९ पासून आहे आणि फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. एक खोली जरी भाड्याने दिली, तरी तो आकडा आपला राहत नाही.

प्रत्येक धंदा वेगळा मोजायचा, हा गैरसमज आळसातून आलेला नाही. १ जुलै २०१७ च्या आधी महाराष्ट्रात मालावर व्हॅट होता, खोल्यांवर ऐषाराम कर होता, कमिशनवर आणि गाळ्याच्या भाड्यावर केंद्राचा सेवा कर होता. प्रत्येकाचा कायदा निराळा, मर्यादा निराळी, ऑफिस निराळं. खोल्यांचा हिशेब आणि काजूचा हिशेब कधी एकमेकांना भेटतच नव्हते. तीस वर्षं घट्ट झालेली ही सवय एका रात्रीत सुटत नाही. त्यात आयकराची भर: शेतीचं उत्पन्न आयकरात माफ, म्हणून आंबा सगळ्याच करांच्या बाहेर, असं लोक धरून चालतात. काका तेच म्हणाले, ‘‘आंबो आमच्या झाडाचो, तेचो कसलो टॅक्स?’’

ताज्या आंब्यावर कर नाही, हे खरंच आहे. शेतकऱ्याला त्याच्या शेतमालापुरती नोंदणीही नको, असं कलम २३ सांगतं. पण कर नसणं आणि बेरजेत नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्याख्येत करमुक्त पुरवठा स्पष्ट लिहिलेला आहे. ठेवींचं व्याज ही करमुक्त सेवा, म्हणून तेही बेरजेत धरावं असा अ‍ॅडव्हान्स रूलिंगचा, म्हणजे करदात्याने आगाऊ विचारलेल्या प्रश्नावर प्राधिकरणाने दिलेला, निर्णय आहे. आंबा काढून टाकला तर काकांची बेरीज १९,८८,००० वर येते. म्हणजे बारा हजारांनी मर्यादेच्या आत! हापूसच्या कलमांनी, ज्यांच्यावर एक रुपयाही कर नाही, काकांना मर्यादेपलीकडे नेलं होतं.

या मुद्द्यावर वाद घालणारे सल्लागार आहेत. कलम २३ चा अर्थ लावून शेतमाल बेरजेतूनही वगळता येईल, असं ते मानतात. मला व्याख्येतले शब्द इतके सरळ वाटतात, की अशिलाला त्या वादाच्या आधारावर उभं करायला मी धजत नाही. पण या प्रकरणात तो वाद घालण्याची गरजच उरली नाही, आणि त्याचं कारण तिसऱ्या बिलबुकात होतं.

२० मे २०२३

काकींच्या बिलबुकात २० मे २०२३ ला म्हापशाच्या दुकानाचं पहिलं बिल होतं: काजूगर १२ किलो, आगळाच्या ३० बाटल्या, १३,८०० रुपये. माल सावंतवाडी-बांद्यावरून एसटीच्या पार्सलने गेलेला.

कलम २४ सांगतं, की राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला उलाढालीची मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. सेवांना यात सवलत आहे, हस्तकलेच्या काही वस्तूंनाही आहे, पण काजूगराला आणि आगळाला नाही. मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटर, तिथे माल पाठवला तर हे कलम लागत नाही. म्हापसा शंभराच्या आत, तिथे लागतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा परका वाटत नाही. सोयरीक तिकडे, बाजार तिकडे, दवाखाना तिकडे. बेळगावचंही तेच. आंबोली घाट चढून गेलं की मराठी बोलणारंच गाव लागतं, आणि काकींनी तिथल्या भावजयीच्या दुकानाला दोन वेळा आंबापोळी पाठवली होती. करासाठी ही दोन्ही परराज्यं आहेत. जिल्ह्यातले छोटे उत्पादक सगळ्यात जास्त इथेच अडकतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे जबाबदारीची तारीख ठरली: २० मे २०२३. वीस लाखांची रेघ त्यांनी पुढे जानेवारीत ओलांडली, पण तोवर उशीर होऊन आठ महिने गेलेले होते.

इथे एक प्रश्न कुणीही विचारेल. माल काकी करतात, तर ही विक्री काकांची कशी? कारण त्या वर्षी सगळे पैसे काकांच्या खात्यात आले होते, कच्चा माल काकांच्या खात्यातून घेतला होता, बिलबुकावर काकांच्या नावाचा शिक्का होता. हात काकींचे, धंदा कागदावर काकांचा. मागच्या तारखेने तो काकींचा दाखवणं हे खोटं ठरलं असतं.

किती भरायचं

२० मे २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातली करपात्र विक्री वेगळी काढली. खोल्यांचं थेट आलेलं भाडं ४,६०,०००, त्यावर १२ टक्क्यांनी ५५,२००. जुलै २०२२ पर्यंत हजार रुपयांखालच्या खोलीला माफी होती, ती १८ जुलै २०२२ पासून गेली. काकांच्या खोल्यांना तशीही ती कधी लागू नव्हती. न्याहारी भाड्यातच असल्यामुळे ती खोलीच्या दराने, वेगळं घेतलेलं जेवण खानावळीच्या दराने: ५,००,००० वर ५ टक्के, २५,०००. काजूगर १,४०,००० वर ५ टक्के, ७,०००. आगळ, रस वगैरे १,२०,००० वर त्या वेळच्या १२ टक्क्यांनी १४,४००. गाळ्यांचं दहा महिन्यांचं भाडं १,२०,०००, १८ टक्क्यांनी २१,६००. कमिशन ५०,०००, ९,०००. एकूण १,३२,२००. वर्षाला १८ टक्के दराचं व्याज धरून रक्कम १,४६,००० च्या आसपास गेली.

प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगांचं काय? काका म्हणत होते, की तिथे कर कापला जातो, म्हणजे आपला जीएसटी भरून झाला. अर्धं बरोबर होतं. कलम ९(५) खाली, नोंदणीच्या मर्यादेत न येणाऱ्या माणसाची खोली प्लॅटफॉर्मवरून दिली गेली तर कर प्लॅटफॉर्म भरतो. पण तो फक्त त्या बुकिंगांचा. ते भाडंही आपल्या बेरजेत येतं, आणि वीस लाख ओलांडले की जबाबदारी आपल्यावर परतते. जानेवारीनंतरच्या बुकिंगांवरही प्लॅटफॉर्मने कर सरकारजमा केलेला होता. आम्ही त्याचे मासिक पुरावे मागवून फायलीत लावले आणि तीच रक्कम पुन्हा भरली नाही. न भरण्याचं कारण पत्रात लिहून ठेवलं.

इतका कर ग्राहकांकडून घेतलेला नव्हता, तो खिशातून जाणार होता. काकी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘‘आत्तापासून नंबर घेतला आणि मागचं कुणी विचारलंच नाही तर?’’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, आणि मी चिडत नाही, कारण दीड लाख ही त्या घरातली दोन महिन्यांची मिळकत असते. मी त्यांना तीन गोष्टी दाखवल्या. गोव्यातल्या दुकानदाराच्या पुस्तकात त्यांची खरेदी नोंदलेली होती. प्लॅटफॉर्मच्या विवरणपत्रात त्यांच्या पॅनवरची बुकिंगं होती. आणि आयकर विवरणपत्रात स्वतः काकांनी उलाढाल लिहिलेली होती. आयकर आणि जीएसटी ही खाती २०२० पासूनच्या करारानुसार एकमेकांना माहिती देतात. खात्याने शोधलं तर नोंदणी न घेतल्याबद्दल दहा हजार किंवा कराइतका, यातला जो जास्त तो दंड. म्हणजे आणखी १,३२,२००. नोटीस येण्याआधी आपणहून कर आणि व्याज भरलं, तर कलम ७३ खाली नोटीसही नाही, दंडही नाही. २०२३-२४ साठी तेच कलम लागू होतं.

त्यांनी ठेव मोडली. नोंदणी मे महिन्यात मिळाली आणि आपणहून कर भरण्याच्या डीआरसी-०३ चलनाने पैसे भरले. तीस दिवसांत अर्ज केला असता, तर आधीच्या खरेदीवरचा कर वजा मिळाला असता. तो हक्क गेला होता. दोन एअर कंडिशनर आणि एक मोठा फ्रीज त्या काळात घेतलेला, त्यावरची वजावट बुडाली.

पुढचा प्रश्न होता योजनेचा. शेजारच्या हॉटेलवाल्याने काकांना कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याची सोपी योजना, घ्यायला सांगितलं होतं. खानावळीची ५ टक्क्यांची कंपोझिशन त्यांना मिळत नाही, कारण खोल्या, कमिशन आणि गाळे या इतर सेवा पाच लाखांच्या पलीकडे जातात. पन्नास लाखांपर्यंतच्या मिश्र धंद्यासाठीची ६ टक्क्यांची योजना कागदावर छान दिसते, पण तिच्यात कर सगळ्या उलाढालीवर लागतो, करमुक्त मालासकट. ज्या आंब्यावर शून्य कर आहे त्यावर सहा टक्के! शिवाय परराज्यात माल आणि प्लॅटफॉर्मवरून खोल्या, दोन्ही त्या योजनेत चालत नाहीत. म्हणून नियमित नोंदणी, तिमाही विवरणपत्रं आणि दरमहा भरणा.

परवान्यांची मोजणी उलटी चालते

करासाठी सात मिळकतींची एक बेरीज केली. परवान्यांकडे वळलो तेव्हा तीच बेरीज पुन्हा सोडावी लागली, कारण परवाना विचारतो की कोणत्या जागेत कोणतं काम चालतं. आंबा, भाडं, कमिशन त्याच्या हिशेबात नाही.

अन्नाची नोंदणी काकींच्या नावावर दोन वर्षांपूर्वी काढलेली होती, वर्षाला शंभर रुपये फीची, आणि तिच्यावर काम फक्त खानावळीचं लिहिलेलं. आगळ आणि रस बाटलीत भरणं हे उत्पादन आहे, ते त्यात नव्हतं. शिवाय खानावळीची बिलं काकांच्या नावाने फाटत होती. नोंदणी एकीच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा. अन्नाची उलाढाल मात्र ५,९०,००० आणि ३,१०,००० मिळून नऊ लाख, म्हणजे त्या वेळच्या बारा लाखांच्या मर्यादेत. राज्य परवान्याची गरज नव्हती, साधी नोंदणी पुरेशी होती. जीएसटीत मर्यादेपलीकडे असलेलं तेच घर अन्न व औषध प्रशासनाकडे छोटं ठरतं. हे काकांना पटायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, की एकदा मोठा ठरलेला माणूस सगळीकडे मोठा.

बाटल्यांवरची लेबलं ही खरी दुखरी जागा होती. घरचा माल म्हणून फक्त नाव आणि फोन नंबर छापलेला. पॅकबंद मालावर निव्वळ वजन किंवा माप, कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगचा महिना, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं लागतं आणि अन्न असेल तर चौदा आकडी नोंदणी क्रमांकही. शिवाय पॅकिंग करणाऱ्याने वैधमापनशास्त्र विभागाकडे नोंदणी करायची असते. स्वयंपाकघरातला काटा पडताळणी करून शिक्का मारून घ्यायचा असतो. काकींकडे छापून घेतलेली चार हजार लेबलं पडून होती. ती टाकून द्यावी लागली.

व्यवसाय कर हा महाराष्ट्राचा स्वतःचा, १९७५ च्या कायद्याचा कर. इथे काकांना भीती होती, की सात धंद्यांचा सात वेळा भरावा लागेल. तसं नाही. एक माणूस अनेक नोंदींत बसत असला, तरी त्यातल्या सर्वांत जास्त दराने एकदाच भरायचा, वर्षाला २,५००, आणि घटनेच्या कलम २७६ मुळे यापेक्षा जास्त घेताच येत नाही. ६५ वर्षं पूर्ण झाली की माफी आहे, पण काकांना अजून चार वर्षं होती. मालक म्हणूनची नोंदणी वेगळी. स्वयंपाक्याला १४,००० पगार, त्याच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायला हवे होते. साफसफाईच्या बाईंना ९,५००. स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत माफी असल्यामुळे त्यांचं काही कापायचं नव्हतं. मागची कपात स्वयंपाक्याकडून वसूल करायची नाही, असं काकांनी स्वतःहून ठरवलं.

बाकीचं पटकन झालं. कामगार दहापेक्षा कमी, म्हणून गुमास्त्याची फक्त ऑनलाइन सूचना. खोल्यांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा अर्ज, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. गोव्यातून फिरत येणारे परदेशी पाहुणे वर्षातून पाच-सहा, त्यांच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवणारा सी-फॉर्म तेव्हा चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा असे. तो पूर्वीपासून काकांचा पुतण्या नेमाने भरत होता, आणि तेवढी एकच फाइल पूर्ण होती. बोटवाल्याचा परवाना सागरी मंडळाकडचा, तो त्याचा त्याने सांभाळायचा. पण ज्याच्याकडे तो नाही त्याच्याकडे पाहुणे पाठवू नका, असं मी आग्रहाने सांगितलं. गोव्याहून बाटल्या आणून इथे बसणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्नही निघाला. विनापरवाना गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि त्यांना पडवीत जागा देणं म्हणजे तो गुन्हा आपल्या घरात घेणं. काकींनी हे आधीच बंद केलं होतं.

काकींचा धंदा काकींकडे

जून महिन्यात आम्ही बसलो तेव्हा मी सुचवलं, की प्रक्रियेचा धंदा पुढे खरोखर काकींचा करावा. करासाठी धंदे कागदावर तोडणं मला मान्य नाही. खातं तेच, माल तोच, फक्त पॅन दोन, अशी तोडणी अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटंही टिकत नाही. इथे गोष्ट उलटी होती. धंदा आधीपासून त्यांचाच होता, कागद त्याच्या मागे राहिले होते. त्यांनी स्वतःचं चालू खातं उघडलं, माहेरून आलेले सोन्याचे पैसे भांडवल म्हणून त्यात घातले, लघुउद्योगांची उद्यम नोंदणी केली आणि परसातली शेड काकांकडून संमतिपत्राने घेतली. अन्नाची आणि पॅकिंगची नोंदणी शेडच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने नवी निघाली. खानावळीची काकांच्या नावावर आली.

एकाच घरपट्टीवर दोन जीएसटी नोंदण्या म्हटल्यावर अधिकारी बघायला येणार, हे धरून आम्ही शेडचा नकाशा, स्वतंत्र दार आणि वेगळ्या मीटरचं बिल जोडलं. अधिकारी आले, शेड पाहिली, भट्टी पाहिली, अर्ध्या तासात गेले.

काकींना एक नवी गोष्ट शिकावी लागली. शेजारच्या शेतकऱ्यांकडून त्या काजू बी विकत घेतात. नोंदणीकृत माणसाने शेतकऱ्याकडून न सोललेली काजू बी घेतली, की त्यावरचा ५ टक्के कर उलट आकारणीने खरेदीदाराने रोखीने भरायचा असतो, स्वतःच्या नावाने स्वतःच बिल फाडून. मग त्याचीच वजावट काजूगराच्या विक्रीवर मिळते. शेवटी पदरचे जात नाहीत, पण हंगामात, एप्रिल-मे मध्ये, पैसे आधी लागतात. त्यासाठी त्या आता दर फेब्रुवारीत थोडे बाजूला ठेवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वतः टेबल लावायची त्यांची इच्छा होती. ती मी सध्या थांबवली. गोव्यात जाऊन विकायचं तर तिथे तात्पुरता करदाता म्हणून वेगळी नोंदणी आणि आगाऊ भरणा लागतो. दुकानदाराला बिलाने माल पाठवायला महाराष्ट्रातली एक नोंदणी पुरते.

आता काकांकडे उरली उलाढाल २०,९८,०००. मर्यादेच्या जराच वर. आणि इथे त्यांनी सातबारा पुढे केला. त्यावर तीन भावांची नावं आहेत. दोघं डोंबिवलीला. ‘‘आंबो तिघांचो. माझो हिस्सो तिसरो. मग दोन लाख ऐंशी हजार माझ्या नावार कशाक?’’

तेवढं वजा केलं तर ते १८,१८,००० वर येतात. गोव्याची विक्री आता त्यांची नाही, म्हणजे नोंदणी रद्द करून घेता येते. पाहुण्यांना कर लावायला नको, विवरणपत्रं नकोत. मोह खरा होता, आणि कायद्याच्या शब्दांत बसवता येण्यासारखाही होता. मी विचारलं, की भावांना गेल्या वर्षी किती पैसे दिले? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं: दरवर्षी दोन-दोन पेट्या आंबा, पैसे कधीच नाहीत. कलमं राखतात काका, फवारणीचा खर्च काकांचा, दलालाची पट्टी काकांच्या खात्यात. जमीन तिघांची असेल, आंब्याचा धंदा एकट्याचा आहे. भावांना खरोखर हिस्सा देणार असाल, त्यांच्या खात्यात पैसे जाणार असतील, तर पुढच्या हंगामानंतर हिशेब बदलू, असं मी सांगितलं. काका थोडे नाराज झाले. आठवड्याने त्यांचा फोन आला, की भावांशी या निमित्ताने बोलणं झालं, ते म्हणाले आम्हाला पैसे नकोत, कलमं तुझीच. नोंदणी राहिली.

गाळ्यांचं भाडं वाढवायची वेळ आली तेव्हा मात्र काकांनी मला चकित केलं. मोबाइलवाला नोंदणीकृत, त्याला १८ टक्के लावले तर वजावट मिळते, त्याची हरकत नव्हती. केशकर्तनालयवाल्याची नोंदणी नाही, पाच हजारांवर नऊशे त्याच्या खिशातून गेले असते. काकांनी भाडं ४,२३७ केलं, त्यावर कर ७६३. त्याचे पाच हजार पाचच राहिले.

बिलबुकं आता चार आहेत, प्रत्येकाचा क्रम वेगळा: खोल्या, खानावळ, गाळे-कमिशन, आंबा. दोनशे रुपयांखालच्या चहा-भज्यांचं ग्राहक मागत नसेल तर वेगळं बिल नको, दिवसाअखेर एक एकत्र बिल फाडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, खरेदीवरची वजावट मात्र गेली, आणि प्रक्रिया केलेल्या फळांवरचे बहुतेक दरही ५ वर आले. त्यावर्षीच्या दिवाळीत काकांच्या २,२०० च्या खोलीवर २६४ ऐवजी ११० रुपये कर लागला.

काकींची म्हापशाची बिलं आता नियमित जातात, आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी, वेगळा दाखवून. पन्नास हजारांखालचा माल असतो, त्यामुळे मालवाहतुकीचं ई-वे बिल लागत नाही. बेळगावच्या भावजयीने गेल्या महिन्यात आंबापोळीच्या साठ पाकिटांची मागणी पाठवली. बिलाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला, खाली काकींचा प्रश्न: राज्याचा कोड कर्नाटकाचा २९ बरोबर ना? बरोबर होता.